सव्वा इंच

मास्तरांनी आयुष्यात कुणालाही कपडा वेळेवर दिला नाही, आणि कुणालाही वाईट शिवून दिला नाही. गिऱ्हाइकं दुकानाच्या पायऱ्या झिजवत, तोंड वाकडं करत, पुन्हा म्हणून इथं यायचं नाही असं घरी जाऊन ठरवत, आणि पुढच्या कोटाचं कापड घेऊन पुन्हा त्यांच्याच दारात उभी राहत. एका नवरदेवाला तर त्यांनी ऐन लग्नाच्या सकाळपर्यंत ताटकळत ठेवलं होतं. का, तर डाव्या खांद्यावर एक चुणी पडत होती. ती चुणी दुसऱ्या कुणाला दिसत नव्हती. मास्तरांना दिसत होती, तेवढं पुरे होतं. "उशीर झालेला लोक विसरतात," ते म्हणत, "पण खांद्यात न बसणारा कोट घालणारा माणूस रोज माझी आठवण काढतो."

दुकान बंद करून चार वर्षं झाली तरी टेप काही सुटली नव्हती. ती खिशात असायचीच. त्या दिवशी गाड्यांच्या शोरूममध्ये त्यांनी ती बाहेर काढली तेव्हा लेकीनं कपाळावर हात मारला.

गाडी घ्यायची ती बायकोसाठी. वर्षभरापासून तिच्या पायांतलं बळ जायला लागलं होतं. स्नायूंचा आजार आहे, हळूहळू वाढेल, असं डॉक्टर म्हणाले होते. घरातली जुनी गाडी बुटकी. तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं, आणि बाहेर काढायला दोन माणसं लागायची. तिला नेमकं तेच नको होतं. "मला कुणी उचलायचं नाही," असं तिनं घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिची थोरली बहीण राहायची, तीही आता वयामुळे घराबाहेर न पडणारी. दोघींची वर्षभर गाठभेट नव्हती. "अँब्युलन्समधून गेले तर ताई मला बघायच्या आधीच रडायला लागेल," बायको म्हणायची. "मी पुढच्या सीटवर बसून जाणार आणि माझ्या पायांनी उतरणार." एवढंच तिचं मागणं होतं, आणि त्यासाठी उंच गाडी हवी होती.

शोरूममधली मुलगी उत्साही होती. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. बेस मॉडेल, त्यात जेवढ्यास तेवढं. मधलं, त्यात पुढच्या दोन्ही सीट बटणानं खालीवर होतात. आणि टॉप मॉडेल, त्यात छताला काच, मोठी चाकं, आणि आतल्या दिव्यांना बारा रंग.

"बारा कशाला? बसणारी माणसं दोन," मास्तर म्हणाले आणि सरळ गुडघ्यांवर बसले. जमिनीपासून दाराचा उंबरा किती, सीट किती उंच, दार उघडल्यावर मधली जागा किती, सगळं मोजून झालं. मोठ्या चाकांमुळे टॉप मॉडेल आणखी उंच होतं, ते पहिल्याच मापात बाद झालं.

"गाडीला कोट शिवणार आहेत हे," बायको त्या मुलीला म्हणाली.

बेस मॉडेलची एक पांढरी गाडी तिथंच तयार उभी होती. कुणीतरी बुकिंग रद्द केलं होतं. कागदपत्रं झाली की आठवड्याभरात घरी आली असती. बायको काठी लेकीच्या हातात देऊन त्या गाडीजवळ गेली. दाराच्या वरची आतली मूठ धरली, पाठ फिरवली, थोडा दम घेतला आणि बसली. पाय आत घ्यायला वेळ लागला, पण घेतले तिनंच. मग तिनं पुढच्या काचेतून बाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं आणि हसली.

"हीच घ्या. बसते की मी."

मास्तर तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. बसताना तिच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या होत्या, ते त्यांनी टिपलं होतं. सीट अठ्ठावीस इंचांवर, आणि हिच्या पायांच्या मापानं हवी पावणेसत्तावीस. सव्वा इंचाचा घोळ. मधल्या मॉडेलची सीट बटण दाबलं की दोन इंच खाली जात होती. पण मधल्या मॉडेलला दहा आठवडे लागणार होते.

"बाबा, आईला जमतंय ना," लेक हळूच म्हणाली. "नाहीतर मधलंच सेकंडहँड बघू या. लगेच मिळेल."

"दुसऱ्याच्या वजनानं दबलेली सीट मला नको. आणि आज जमतंय, उद्या टाच घसरली म्हणजे?"

"अहो, घ्या ना हीच," बायको आतूनच पुन्हा म्हणाली.

मास्तरांना ऐकू आलं होतं. पण घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाचं बोलणं कानाआड करण्यातच त्यांची पन्नास वर्षं गेली होती. त्यांनी मधलं मॉडेल बुक केलं, टेप गुंडाळून खिशात टाकली आणि खुशीत घरी आले.

चूक झाली ती इथं. मास्तरांना वाढणारी मापं ठाऊक होती. पोरं वाढतात, पोटं सुटतात, म्हणून ते शिवणीच्या आत कापड राखून ठेवत. लागेल तेव्हा उसवून कपडा सैल करता येई. पण दर आठवड्याला आटत जाणारं माणूस त्यांच्या टेपखालून कधी गेलं नव्हतं. डॉक्टरांचं ते "हळूहळू" त्यांनी आपल्याला हवं तसं ऐकलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात काठी गेली आणि वॉकर आला. पाचव्या आठवड्यात ती बाथरूममध्ये बसली ती उठूच शकली नाही. सातव्यात चाकांची खुर्ची आली. मास्तर रोज सकाळी शोरूमला फोन करत. ज्या माणसानं सगळ्या गावाला ताटकळत ठेवलं, तो आता "होईल काका, थोडं थांबा" हे निमूट ऐकून घेत होता. मधेच एकदा त्यांनी पांढऱ्या गाडीची चौकशी केली. ती केव्हाच विकली गेली होती. बहिणीचा फोन आला की बायको सांगायची, "येते गं ताई, गाडी आली की येते."

दहाव्या आठवड्यात, सांगितलेल्या दिवशी, गाडी आली. मास्तरांनी ती इमारतीच्या दाराशी लावली, बटण दाबून सीट खाली घेतली आणि टेप लावून पाहिली. पावणेसत्तावीस. सुताचाही फरक नाही.

लेकीनं आईला खुर्चीसकट लिफ्टनं खाली आणलं. तिनं केस नीट विंचरून घेतले होते, बाहेर जायच्या चपला घालून घेतल्या होत्या. मूठ धरायला तिनं हात वर केला. तो खांद्यापर्यंतही पोचला नाही. तिनं पुन्हा केला. मास्तर शेजारी हात मागे बांधून उभे होते, कारण कुणी उचलायचं नाही हे ठरलेलं होतं. सीट तिच्या मापाला अगदी बरोबर होती. फक्त आता ती उभी राहू शकत नव्हती.

"छान आहे," ती म्हणाली. "रंगपण छान आहे. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशीही पाहिलं. चौथ्या दिवशी तिनं खाली न्या असं म्हटलंच नाही.

दुपारी मास्तर तिच्या पलंगाशी बसले.

"मी चुकलो," ते म्हणाले. "त्या दिवशी ती पांढरी घेतली असती तर इतके दिवस फिरली असतीस तू. ताईकडे चार वेळा जाऊन आली असतीस."

बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी माफी फारशी कधी मागितली नव्हती, आणि मागितली तेव्हा बायको "असू दे हो" म्हणून मोकळी झाली होती. आताही ती तेच म्हणेल, या आशेनं ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

ती छताकडे बघत होती.

"हो," ती म्हणाली. "गेले असते."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना सोसवला असता. त्यांना रडू आलं, आणि या वयात ते लपवायचं कसं हेही कळेना. तिनं छतावरची नजर वळवली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. तिच्या बहिणीचा होता. बायकोला आता फोन धरता येत नसे, म्हणून मास्तरांनी डोळे पुसले, फोन उचलला आणि तिच्या कानाशी धरला. पलीकडचं बोलणं त्यांनाही स्पष्ट ऐकू येत होतं.

"काय गं, आली का गाडी?"

"आली की. चार दिवस झाले."

"मग? येतेस ना?"

बायकोनं मास्तरांकडे पाहिलं.

"अगं, ह्यांना ओळखत नाहीस का तू?" ती म्हणाली. "अजून सीट मनासारखी बसत नाही म्हणतात. टेप घेऊन मागे लागलेत तिच्या. ह्यांचं झालं की लगेच येते."

"म्हणजे झालंच मग," ताई पलीकडून हसत म्हणाली. "कधी वेळेवर दिलंय त्यांनी काही?"

बायकोही हसली. मास्तर फोन तिच्या कानाशी धरून उभे राहिले.