वाजू नये म्हणून ठेवलेली घंटी

मी घंटी बोलतेय. बोलतेय म्हणजे काय, आत्ता कुठं बोलू द्यायला लागलेत मला! आधी आर्णीच्या बालक मंदिरात माझं तोंड बंद ठेवायचंच शिक्षण चालायचं. तेच सांगते.

ओतार्‍यानं मला पितळेची ओतली आणि डोमाजी गाडीवानानं वासरासाठी बाजारातून घेतली. वाजले म्हणजे वासरू आहे, थांबले म्हणजे बघा कुठं गेलं. एवढंच माझं काम, पण मी ते मन लावून केलं. वासराचा बैल झाला, त्याच्या गळ्यात मी शोभेना, तेव्हा डोमाजीनं मला विमलताईंना देऊन टाकलं.

विमलताई माँटेसरीचं शिकून आलेल्या, मायाळू बाई. रस्त्याकडेच्या खोलीत त्यांनी बालक मंदिर काढलं होतं. तिथं पाटी नाही, छडी नाही. लेकरं पाणी ओतायची, ठोकळे रचायची आणि मला हातात धरून खडूच्या रेघेवरून चालायची. अट एकच, मी वाजता कामा नये. वाजले की लेकरू जीभ चावून थांबायचं आणि बाकीची वळून बघायची. घंटीचा याहून मोठा अपमान तो काय!

एकसष्ट सालच्या हिवाळ्यात भीमराज आणि प्रभावती त्यांच्या नलूला घेऊन आले. साडेतीन वर्षांची पोर, अजून एक शब्द बोलत नव्हती. भीमराजच्या घरानं काही वर्षांपूर्वीच बुद्धाचा धम्म स्वीकारला होता. आपल्या पोरीनं लवकर शाळेची पायरी चढावी, ही त्याची हौस. प्रभावतीचं मन धजत नव्हतं. थोडे दिवस बसवून पाहू, मगच नाव घालू, असं ठरलं. ती रोज दाराशी बसून बघायची.

नलूनं पहिल्यांदा मला उचललं आणि मी खणकन वाजले. सगळी पोरं थबकली. नलू चालतच राहिली. मी पुन्हा वाजले, तिची पापणीही हलली नाही. रेघेच्या टोकाला तिनं मला गालाशी धरलं. माझी थरथर तिथं लागली तशी ती खुदकन हसली. पोरीला ऐकू येत नव्हतं आणि त्या खोलीत ते मला एकटीला कळलं होतं.

ताईंना ती एकाग्रता वाटली. त्यांचा एक शांततेचा खेळ असे. पोरं डोळे मिटून बसत, ताई शेजारच्या खोलीतून हळूच एकेकाचं नाव घेत, नाव ऐकेल त्यानं पाय न वाजवता जायचं. नलू शेवटपर्यंत बसून राहायची. पोरगी मौनात कशी रमते, म्हणून ताई कौतुक करायच्या. मी फळीवर तडफडायची. अरे, एकदा तरी तिच्या पाठीमागं वाजवा मला! पण तिथं कोण वाजवणार?

शेवटी प्रभावतीनं विचारलं, "बाई, लेकरू बोलावं म्हणून आणलं मी. इथं तं समदे चूपच बसतेत. अशानं ते बोलन काय?"

"बोलेल. इतकं एकाग्र मूल मी पाहिलं नाही. घाला नाव."

प्रभावतीनं मान डोलावली. दोघी फळीवरचं सामान बघण्यात गुंतल्या. तेवढ्यात नलू मला घेऊन रेघेवर निघाली. रेघ उंबर्‍याशी संपली, नलू थांबली नाही. ती रस्त्यावर उतरली.

कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या जिनाकडं निघालेल्या, पुढची डोमाजीची. उतारावर भरली गाडी आवरत नव्हती. बैलांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या, डोमाजी ओरडत होता, मी तिच्या मुठीत जीव तोडून वाजत होते. नलू पाठमोरी, रेघेवर चालावं तशी चालली होती. डोमाजीनं सगळा भार टाकून कासरा ओढला. बैल वळले, चाक तिच्या परकराला घासून थांबलं.

"बहिरी हाय काय वं पोरगी?" डोमाजी खेकसला.

बिचारा रागानं बोलला. पण धावत आलेली प्रभावती त्या शब्दावर जागच्या जागी उभी राहिली. तिनं मला नलूच्या मुठीतून काढलं आणि तिच्या कानामागं वाजवलं. मग आणखी जोरात. नलू बैलाच्या नाकपुड्या बघण्यात दंग होती.

"बाई," प्रभावती म्हणाली, "माही नलू शांत नाही. तिले आइकूच येत नाही."

प्रभावतीनं ताईंकडून मला कायमचं मागून घेतलं आणि नलूच्या करदोड्याला बांधलं. म्हणाली, "तिले गाडी आइकू येत नाही, तं गाडीवाल्याले तरी ही आइकू येवो. आता सांगा बाई, असं वाजतं लेकरू चालते काय तुमच्या शाळेत?"

"पाठवा," ताई खाली मान घालून म्हणाल्या. "वाजत येऊ द्या."

आता मी दिवसभर वाजते. ताई नलूसमोर बसून हातांनी बोलतात. पण कापसाचा हंगाम सरलेला नाही आणि उतार तिथंच आहे. मी जरा थांबले की प्रभावतीच्या हातातलं काम गळून पडतं. म्हणून हात जोडून सांगते, माझा आवाज आला तर गाडी हळू हाका. आणि मी एकाएकी गप्प झाले, तर किती शांत पोरगी म्हणत बसू नका. आधी रस्त्यावर धावा.