खुंटीवरची माळ

मी काविळीची माळ बोलतेय. पण कुणाच्या गळ्यातली नव्हे. पोशीरच्या एका घरातल्या खुंटीवरची.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा आश्विन होता. काविळीवर माळ देणाऱ्या कशेळ्याकडच्या अंबूबाईने रानवेलाच्या ओल्या काड्यांचे लहान तुकडे केले, एकेक तुकडा दोऱ्याच्या फासात आवळला आणि आम्हा दोघी बहिणींना गुंफलं. एक तिने कावीळ झालेल्या गजाच्या डोक्यावर ठेवली. "जशी लांबंल तशी कावीळ उतरंल," म्हणाली. मला जादा म्हणून गजाच्या आईकडे, सोनुबाईकडे दिलं. सोनुबाईने मला देवाच्या तसबिरीवरच्या खुंटीला अडकवलं.

गजा नेरळच्या डॉक्टरांकडेही जाऊन आला होता. त्यांनी रक्त तपासून घेतलं होतं. त्यांनी सांगितलेलं गजाची बायको हिरू सासूला समजावत होती.

"आत्याबाई, भाताच्या पोत्याला भोक पडलं का वाटंवर दाणं सांडतात ना, तसंच हाय. लिवरात एसजीपीटी म्हणून काय असतं. लिवर दुखावलं का ते रगतात सांडतं. चाळीसच्या आत पायजे, यांचं नऊशे हाय. डोळं पांढरं झालं तरी परत तपासायचं. तवर काम नाय."

"बघू," सोनुबाई म्हणाली.

माझी बहीण डोक्यावरून गळ्यात उतरली, गळ्यातून छातीवर आली. सोनुबाई रोज सकाळी तिला वितीने मोजायची आणि मग तिच्या हातून भाकरी नीट थापली जायची. गजाचे डोळेही जरा निवळले. घर हलकं झालं. मी मात्र घाबरले. काडी सुकते, बारीक होते, फास सैल पडतो, दोरा मोकळा होतो. बहीण त्यानेच लांबत होती. मला हे ठाऊक होतं, कारण मीही लांबत होते. आणि भिंतीला लिव्हर नसतं.

माळ बेंबीला टेकली तशी गजाने विळा घासायला घेतला. "उतरली कावीळ. उद्या कापणीला जातो."

"आन् रगत?" हिरूने विचारलं.

"परत सुया टोचून घ्यायला मी काय बैल हाय?"

हिरू दिवा लावायला तसबिरीपाशी आली. मला अडकवलं तेव्हा मी तसबिरीच्या वरच संपत होते. आता देवाच्या तोंडावर लोंबत होते. तिने मला बाजूला सारलं आणि हात तसाच राहिला.

"आत्याबाई, ही कशी वो लांबली? खुंटीलाबी कावीळ झाली काय?"

गजा हसला. मग हसायचा थांबला. त्याने गळ्यातली माळ काढून माझ्याशेजारी धरली. आम्ही अगदी सारख्या होतो.

दुसऱ्या दिवशी ती दोघं नेरळला गेली. या वेळी आकडा चौदाशेच्या वर निघाला. डॉक्टरांनी तिथूनच मुंबईच्या मोठ्या इस्पितळात धाडलं. हिरूही सोबत गेली. नेरळहून एवढाच निरोप आला, पुढचा अजून नाही.

शेतात भात उभंच आहे. घरात सोनुबाई एकटी. दुसऱ्या कुणाच्या घरी माझ्यासारखी माळ लांबत असेल, तर तिच्यावर विसंबू नका, एवढंच माझं मागणं आहे.

आता मी पुरती वाळले. लांबायची थांबले. तरी सोनुबाई सकाळी उठून मला वितीने मोजते आणि हळूच विचारते, "अजून किती गं?"

ते मला सांगता येत नाही, सोनुबाई. मला कधीच येत नव्हतं.