राजसच्या नाळेतलं रक्त

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. मंडईतून मेथी आणायची नव्हे, रक्ताची. राजस जन्मला, त्याची नाळ कापली आणि नाळेत उरलेलं रक्त डॉक्टरांनी माझ्यात भरून घेतलं. त्या रक्तात मूलपेशी असतात. त्यांच्यापासून शरीरात नवं रक्त तयार होऊ शकतं. म्हणून एका कंपनीने मला आपल्या टाकीत गोठवून ठेवलं. तिथली थंडी तुमच्या फ्रीजला स्वप्नातही जमणार नाही.

हे सगळं गळ्यात मारलं साईनाथने. तो कंपनीचा विक्रेता. धायरीत हेमाताईंचा गर्भसंस्काराचा वर्ग भरायचा. श्लोक आणि प्राणायाम झाले की शेवटी साईनाथ बोलायला उभा राहायचा. राजसची आई तनया तेव्हा गरोदर होती आणि सगळ्यालाच घाबरायची. आम्हा नवरा-बायकोची थॅलेसेमियाची तपासणी राहिली आहे, ती करून घेऊ का, असं तिने विचारलं. साईनाथ हसला.

"तपासणी कशाला मॅडम? ही पिशवी असली की बाळाला काहीही होऊ दे, त्याचंच रक्त त्याला बरं करेल."

तनयाच्या सासूबाई बाळांच्या गळून पडलेल्या नाळा चांदीच्या डबीत जपणाऱ्या. त्यांना हे लगेच पटलं. नाळ ठेवतोच आपण, मग रक्तही ठेवू, म्हणाल्या. तपासणी राहिली ती राहिलीच.

वर्षाचा व्हायच्या आत राजस पांढराफटक पडला. थॅलेसेमिया निघाला. आई-बाप दोघांच्याही रक्तात लपलेला दोष बाळात उतरला होता. त्याच्या शरीराला धड रक्तच बनवता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं चढवत राहायचं. तनया रडत बसली नाही. तिला माझी आठवण झाली. मलाही वाटलं, आला माझा दिवस. पण रक्ताच्या डॉक्टर प्रियदर्शनी यांनी तिला समोर बसवून समजावलं. हा दोष जन्मापासूनचा, तेव्हा तो या पिशवीतही आहे. निरोगी भावंडाचं जुळणारं रक्त असतं तर उपयोग झाला असता. त्याचं स्वतःचं काही कामाचं नाही.

मित्रांनो, मी गोठलेली होते, तरी त्या दिवशी पेटले. माझ्यासारख्याच पिशव्यांनी कुणाचं भावंड वाचवलं, कुणी तर परक्याचं पोर वाचवलं. मला मात्र थापा विकायला वापरलं.

तनयाने कंपनीकडे मला परत मागितलं. त्यांनी नियम दाखवले, तिने वकील दाखवला. बर्फाच्या डब्यात बसून मी निघाले ती थेट हेमाताईंच्या वर्गात.

साईनाथचं तेच चाललं होतं. पुढे चैताली नावाची एक पोटुशी मुलगी सही करायला पेन उघडून बसली होती.

"सर, एक शंका," तनया मागून म्हणाली. "बाळाला थॅलेसेमिया निघाला तर?"

"बाळाचंच रक्त बाळाला. तुम्ही निर्धास्त राहा."

तनया पुढे आली आणि तिने मला टेबलावर ठेवलं. "हे माझ्या राजसचं. तो खाली आजीजवळ बसलाय. करा बरा."

आता त्याने तिला ओळखलं. "मॅडम, आपण बाहेर बोलू ना."

"बाहेर कशाला? विकलंत तर इथेच."

हेमाताईंनी त्याच्या हातातला माईक काढून घेतला. तो माझ्याकडे बघेना आणि बायका त्याच्यावरची नजर काढेनात. मी वितळत होते. माझ्यातल्या पेशी मरत होत्या, आणि खरं सांगते, इतकं बरं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. चैतालीने पेनाला टोपण लावलं. "आधी आपल्या दोघांचं रक्त तपासू," ती शेजारी बसलेल्या नवऱ्याला म्हणाली.

मुलांनो, मोठे झालात की तुम्हीही लग्नाआधी ते तपासून घ्या. नाळेतलं रक्त जपायचं की दान करायचं, हे ज्याला त्यात काही विकायचं नाही अशा डॉक्टरांना विचारा. एवढी काळजी तुम्ही घ्या. सूड आमच्याकडे राहू दे. मी आता काळी पडले आहे आणि तनयाच्या पर्समध्ये राहते. राजसला अजून रक्त चढवावं लागतं. साईनाथ हल्ली हडपसरच्या एका वर्गात बोलतो, असं कळलं. शनिवारी आम्ही पहिल्या रांगेत बसणार आहोत.