विल्फ म्हणाला की

दर मंगळवारी दुपारी, हॅलिफॅक्सच्या वाचनालयामागच्या खोलीत मी परदेशातून आलेल्यांना इंग्रजी व्याकरण शिकवते. सध्या इनडायरेक्ट स्पीच चालू आहे. पुस्तकातली वाक्यं मला मुळीच आवडत नाहीत. त्यातली माणसं कायम स्टेशनचा रस्ता विचारत असतात. म्हणून फळ्यावर मी माझ्या नवऱ्याला बोलायला लावते.

'विल्फ म्हणाला की चहा गार झालाय.' 'विल्फने विचारलं की त्याचा चष्मा कुठंय.'

"बाई, तुमचे मिस्टर भलतेच कटकटे आहेत हो!" बिस्किटांच्या कारखान्यात काम करणारी लिथुएनियाची दाइवा म्हणते. "कसं सांभाळता त्यांना?"

"सवय झालीय," मी सांगते.

विल्फला जाऊन तीन वर्षं झाली. वर्गात कुणाला माहीत नव्हतं आणि मला ते कळू द्यायचं नव्हतं. घरात किटली सोडली तर कुणी तोंड उघडत नाही. विल्फ बोलायचा तो फक्त इथे, आठवड्यातून दोन तास. तेवढंही गेलं तर माझ्याकडे काय उरणार होतं?

मग मीच घोळ घातला. 'विल्फ म्हणाला की त्याच्या आईसारखा मधाचा केक कुणाला जमत नाही,' असं लिहून गेले. पुढच्या मंगळवारी दाइवाने आठ थरांचा केक माझ्यापुढे ठेवला.

"त्यांना द्या. आणि काय म्हणाले ते सगळं सांगायचं हं, बाई!"

बसमध्ये मांडीवर धरून मी तो घरी आणला. सवयीने दोन बशा मांडल्या, मग एक परत ठेवली. आठवडाभर रोज एक तुकडा खाल्ला. केक फार सुरेख झाला होता, आणि मला रडू आवरत नव्हतं.

काल सगळे वाटच बघत होते. "बोला बाई, काय म्हणाले?"

'विल्फ म्हणाला की' एवढं मी लिहिलं. दाइवा एवढ्या आशेने बघत होती की खोटं लिहायला हात धजेना. मी विल्फचं नाव पुसून 'इनिड' लिहिलं.

"ही इनिड कोण?" दाइवाने विचारलं.

"मी."

"बरं, मग इनिड काय म्हणाली?"

फळ्याकडे तोंड करूनच मी सांगितलं, "इनिड म्हणाली की एवढा केक एकटीला संपत नाही."

दाइवाने हळूच विचारलं, "अजून उरलाय का, बाई?"