फ्रिजमागचं पोतं

प्रताप नगरातल्या त्या घरात फ्रिज एकच, तोही मालकिणीचा. भागीरथाबाई वर राहत. खाली भाड्यानं शोभाताई आणि तिचा नवरा आनंदराव. आनंदरावाला साखरेचा आजार. रोज इन्सुलिनची सुई लागायची, आणि मे महिन्यात ते औषध खोलीत ठेवलं तर बाद व्हायचं. म्हणून त्याची बाटली वरच्या फ्रिजमध्ये असे. भागीरथाबाई हे उपकार दिवसातून दोनदा ऐकवत.

त्या आठवड्यात फ्रिज थंड करीनासा झाला. दूध नासलं. भागीरथाबाईंनी शोभाताईला वर बोलावून बाटली तिच्या हातात कोंबली.

“घेऊन जाय वं. तू सतरा वेळा दार उघडतं, म्हणून बिघडला. रोग्याचं औषध मले घरात पाहिजेच नाही.”

शोभाताईनं फ्रिजकडे कान दिला. फ्रिजची मोटर क्षणभरही न थांबता घरघरत होती. तिनं फ्रिज पुढे ओढला. मागच्या काळ्या नळ्यांच्या जाळीवर ओलं गोणपाट टांगलेलं.

कूलरच्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलं की गार हवा येते. तसं तापलेल्या जाळीवर ओलं पोतं टाकलं की फ्रिजही गार होईल, अशी भागीरथाबाईंची समजूत. पोत्याचे धागे, भिंतीचा चुना, धूळ, सगळं नळ्यांवर लिंपलं होतं. गरमीला बाहेर पडायला वाटच नव्हती.

“हे कोणं टांगलं?”

“माहा फ्रिज हाय. मी शालू नेसवीन त्याले.”

शोभाताईनं प्लग काढला, पोतं अंगणात फेकलं. खाली जाऊन बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवली आणि कपड्यांचा ब्रश घेऊन आली. नळी वाकू न देता एकेक घासली. तेवढा वेळ भागीरथाबाई खुर्ची टाकून तिच्या माहेराचा उद्धार करीत बसल्या. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून तिनं प्लग लावला. संध्याकाळी बर्फ धरला.

तिनं बाटली परत आत ठेवली.

“दर महिन्याले जाळी मी झाडीन,” ती म्हणाली. “पण बाटली इथून हालली, तर मी झाडणार नाही. मंग बाजारातला मेकॅनिक बोलवा, न फ्रिज काहून बिघडला ते त्याच्या तोंडून ऐका.”

“झाड. पण मी देवळात गेल्यावर येजो. तोंड दाखवू नको.”

तेव्हापासून महिन्यातल्या एका सोमवारी भागीरथाबाई दार उघडं टाकून देवळात जात. जाण्याआधी फ्रिजमधले आंबे मोजत. शोभाताईला ते ठाऊक होतं. ती आधी बाटली जागेवर आहे ना ते पाही, मग ब्रश उचली.