भोयांनी खांदा बदलला

नवरीचा संदूक वाटेत मागे सरकला, तर नवरीही एक दिवस माहेरी परत येते. असा संदूक सासरचे दारातसुद्धा घेत नाहीत, लग्न तिथंच मोडतं. जपानातल्या साकातात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणूनच बर्फाच्या दोन भिंतींमधल्या चिंचोळ्या वाटेवर दोन वराती समोरासमोर आल्या, तेव्हा दोन्हीकडचे भोई खांद्यावर दांडी घेऊन जागच्या जागी थिजले.

एका संदूकामागे तोमिए उभी होती. नवरा तिनं एकदाच पाहिला होता. 'थंडी वाजते का?' या प्रश्नाचं उत्तर त्यानं आईला विचारून दिलं होतं. तिला हे लग्न नको होतं. पण घरात 'नको' म्हणायचा मक्ता वडिलांकडे होता.

"तुमचा संदूक हलका दिसतोय, तुम्हीच सरका," वडील, गेन्नोजो, समोरच्यांना म्हणाले.

"हलका? लोखंड बघा त्याचं! तुमच्या पट्ट्यांना नुसतं काजळ फासलंय."

"अहो, आमचं नुसतं कुलूप तुमच्या जावयापेक्षा जड आहे!"

दुपार कलली. दोन्हीकडे वाकून वाकून मध्यस्थ मातासाबुरोची कंबर धरली.

एक पाऊल, तोमिएच्या मनात आलं. एवढंच तर हवंय. तिनं मागच्या भोयाच्या काखेखालून हात घातला, संदूकाची लोखंडी कडी धरली आणि जीव खाऊन ओढली. भोई घसरले. संदूक चांगला पाऊलभर मागे आला.

सुटले, असं वाटून तिनं डोळे मिटले.

"वा!" मातासाबुरो म्हणाला. "पोर गुणाची हो. भोयांना हात दिला."

"अरे, पण संदूक मागं आला की!" समोरून एक म्हातारी ओरडली.

"आजी, भोयांनी खांदा बदलला," गेन्नोजो म्हणाले.

समोरच्या वधूपित्यांनी आपल्या निळ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं. "खांदाच बदलला," ते म्हणाले. "मी पाहिलं ना."

मग खांदा बदलत बदलत भोयांनी तोमिएचा संदूक मागे मागे थेट कोपऱ्यावरच्या मासळीवाल्याच्या अंगणापर्यंत नेला. समोरची वरात नमस्कार करत निघून गेली. जाता जाता त्या नवरीनं तोमिएच्या हाताकडे पाहिलं. तळव्यावर कडीचा काळा वळ उमटला होता.

"चल गं," गेन्नोजो खुशीत म्हणाले, "वाट तूच मोकळी केलीस."