द्यायची बाजू

व्यायामशाळेत त्याला सगळे पोतं म्हणत. वाळू भरलेलं पोतं टांगून मुष्टियोद्धे बडवतात ना, तसंच हे. फरक इतकाच की हे पोतं स्वतःच्या पायांनी यायचं, फेऱ्यांप्रमाणे पैसे घ्यायचं आणि गुमान घरी जायचं. मोठ्या सामन्याची तयारी करणाऱ्याला समोर जिवंत माणूस लागतो आणि जिवंत माणसाला दर असतो. डोक्याला टोप घालून मार खायचा एक दर, टोपाशिवाय दुसरा. दर ठरवायचा कोच. चमडी गेली तरी दमडी न सोडणारा माणूस, पण चमडी दरवेळी पोत्याची जायची.

मार खायची हौस कुणालाच नसते. घरात ताई होती. चार वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या बसल्या, तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. नवऱ्यानं पहिल्याच वर्षी हात वर केले आणि तो ताईला तिच्या फाईलसकट भावाकडे सोडून गेला. दुखणं अशा घरात शिरलं की आधी दागिने खातं, मग भांडी, मग नातेवाईक. मामा पहिले सहा महिने फोन करायचा, नंतर त्याचा फोनच लागेना. ताई घरी बसून शर्टांना बटणं लावायची. त्यात तिच्या गोळ्यासुद्धा सुटत नव्हत्या. बाकीचं सगळं पोत्याच्या नाकातोंडातून निघायचं.

मग तपासण्या झाल्या आणि भावाची किडनी बहिणीला जुळली. डॉक्टरीण बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. "डावी काढणार. ऑपरेशनची अनामत शनिवारपर्यंत भरा. नाहीतर तारीख दुसऱ्याला जाईल आणि पुढची सहा महिन्यांनी." ताईच्या हृदयाला सूज आली होती. सहा महिने तिच्याजवळ नव्हते, हे बाईंनी त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं.

त्या दिवसापासून त्यानं व्यायामशाळेत जाहीर करून टाकलं, थोबाड फोडा, कमरेला हात लावायचा नाही. पोरं हसली, पण पाळायची. अनामत मात्र भरेना. तेव्हा गुरुवारी कोचनं त्याला बोलावलं.

"आपल्या चॅम्पियनला बरगड्यांखाली मारायची तालीम हवीय. पोटाला पट्टा बांधायचा नाही. सहा फेऱ्या, तिप्पट पैसे."

"कंबर सोडून बोला."

"कमरेचेच पैसे आहेत. नको असेल तर तसं सांग, दुसरा बघतो."

पोत्यानं मनात हिशोब केला. तिप्पट म्हणजे अनामत पुरी होऊन वर थोडे उरत होते.

"मी उलटा उभा राहीन. उजवा पाय पुढे," ते म्हणालं. "डावी बाजू मागे राहील. तिला धक्का लागला तर मी तिथंच थांबणार."

"डोक्यावर उभा राहा," कोच म्हणाला. "सहा फेऱ्या भरल्या म्हणजे झालं."

शुक्रवारी सकाळी फेऱ्या सुरू झाल्या. उलटं उभं राहणं सोपं नसतं, जन्मभराची पायांची सवय मोडावी लागते. तरी त्यानं डावी बाजू अशी मागे धरली की चॅम्पियनला तिकडं जायला वाटच मिळेना. मग उजवीकडं वर्षाव सुरू झाला. पहिल्या फेरीत श्वास गेला. दुसरीत बरगडी कडकन वाजली, ती बाकावर बसलेल्यांनाही ऐकू आली. तिसरीत तो गुडघ्यांवर आला, पाणी ओकला, ओठ पुसले आणि उभा राहिला. चॅम्पियन वाईट माणूस नव्हता. त्यानं कोचकडं एकदा पाहिलंही. कोच म्हणाला, "पैसे घेतोय तो."

चौथ्या फेरीत ठोसा बरगडीखालून पार पाठीपर्यंत शिरला. पोत्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. पाचवीत त्याच जागी आणखी चार. सहावीत त्याला आपले पायच सापडेनात. दोरीला पाठ टेकून त्यानं डावं कोपर कमरेशी घट्ट दाबलं आणि उजवी बाजू मोकळी सोडून दिली. हाणा लेको, हाणा. ठोसे मोजायचंही त्यानं सोडून दिलं होतं.

फेऱ्या संपल्यावर संडासात जाऊन तो भिंतीला धरून उभा राहिला. लघवी लालभडक झाली. त्यानं ती नीट पाहिली आणि त्याला हायसं वाटलं. उजवीचं रक्त होतं ते. डावीला बोटसुद्धा लागलं नव्हतं. शनिवारी त्यानं अनामत भरली, पावती ताईच्या हातात दिली आणि सुजलेल्या ओठांनी हसला. ताई पावती घेऊन बराच वेळ रडली.

सोमवारी शेवटची तपासणी होती. डॉक्टरीण बाईंनी त्याच्या पोटावर यंत्र फिरवलं, थांबवलं, पुन्हा फिरवलं.

"कुणी मारलं तुम्हाला?"

"माझं कामच ते आहे. पण डावी बघा ना बाई. जपलीय."

"डावी छान आहे," बाई म्हणाल्या. "उजवी फाटलीय. ती परत चालेल असं मला वाटत नाही. डावी काढून घेतली तर तुम्ही कशावर जगणार?"

द्यायची वस्तू कशी जपायची याचा विचार त्यानं दिवसरात्र केला होता. आपल्याजवळ काय उरणार, हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं. आता एवढ्या साध्या हिशोबात चुकणाऱ्याला काय म्हणावं? मला तर त्याचा संताप येतो.

"काढा तुम्ही. मी सही करून देतो."

"एकाला मारून दुसरीला वाचवायचं काम मी करत नाही. ऑपरेशन होणार नाही."

ताई बाहेर बाकावर बसली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं, फेऱ्या, दर, उलटं उभं राहणं. ती ऐकत गेली. मग उठली आणि तिनं फाडकन त्याच्या तोंडात मारली.

"तुला कोणी सांगितलं होतं? मी मागितली होती का? सांग ना, मागितली होती मी?"

ती मारतच सुटली. गालावर, छातीवर, दिसेल तिथं. ओठ पुन्हा फुटला, रक्त सदऱ्यावर गळलं. नर्स धावत आली. तो हललाही नाही. पण ताई डाव्या हातानं मारू लागली, तेव्हा मात्र त्यानं तो हात वरच्यावर झेलला. डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शीर जोडलेला हात होता तो. चार वर्षांत तिनं त्या हातानं तांब्यासुद्धा उचलला नव्हता.

"हा नको, ताई," तो म्हणाला. "उद्या याच हाताला सुई लागायचीय. उजव्यानं मार."

तिनं उजव्या हातानं मारलं.